चुन्याच्या भिंतीला चुनाच: वाईतल्या जुन्या घराच्या गिलाव्याचे काम, दोन पावसाळ्यांनंतर

वाईच्या गंगापुरीतले आमचे घर माझ्या आजेसासऱ्यांनी १९३६ साली बांधले. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात रचलेल्या विटांच्या दीड फूट जाडीच्या भिंती, मध्ये सागवानी खांब आणि आतून चुन्याचा गिलावा, अशी त्याची बांधणी आहे. पोरबंदरला १९१४ पासून सिमेंट निघू लागले होते, तरी आमच्याकडच्या गावांतली घरे त्यानंतरही कित्येक वर्षे चुन्यातच उभी राहत होती, आणि आमचे घर त्यांपैकीच एक. हे आधीच सांगते, कारण पुढे जे बिघडले आणि जे सुधारले ते सगळे या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते.

हा अभिप्राय २०२२ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे गिलाव्याचे काम करणाऱ्या गवंडी बापलेकांच्या कामाबद्दल आहे. त्यांची ना पाटी आहे, ना छापील पावती, आणि आपले नाव कुठे लिहू नये असे त्यांनीच सांगितल्यामुळे ते लिहीत नाही. मात्र त्यांच्या कामाचे मोल कळायचे असेल, तर त्याच्या आदल्या वर्षी झालेल्या कामाविषयी थोडे सांगावे लागेल.

२०२१ मध्ये आम्ही पुण्याच्या एका ठेकेदाराकडून घरभर पुट्टी आणि रंग करून घेतला. पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि वर इमल्शनचे दोन हात, असे २२ रुपये चौरस फुटाने १,४५० चौरस फुटांचे ३१,९०० रुपये झाले. काम अकरा दिवसांत उरकले, आणि खोटे कशाला बोलू, त्या दिवाळीत घर इतके देखणे दिसत होते की पाहुणे भिंतीवरून हात फिरवून बघत. पुढच्या पावसाळ्यात, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, सोप्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पुरीसारखे फुगवटे आले, गणपतीपर्यंत ते फुटले, आणि नवरात्रात मी केरसुणीने झाडताना ताटाएवढा पापुद्रा अखंड सुटून पायाशी पडला. त्याची मागची बाजू मी उलटून पाहिली. पुट्टी दगडासारखी टणक होती आणि तिला चिकटून जुन्या चुन्याचा पिठासारखा भुगा निघाला होता. म्हणजे पुट्टीने धरलेली पकड सुटली नव्हती; जिला धरले होते ती भिंतच आतून भुसभुशीत झाली होती. चुना लावणे या शब्दप्रयोगाचा मराठीत जो अर्थ आहे, तो आमच्या बाबतीत उलटा झाला: ज्याने चुना लावला नाही, त्यानेच लावला.

ठेकेदाराला फोन केला तेव्हा "जुन्या घराची गॅरंटी कोण देणार, मॅडम?" एवढेच उत्तर मिळाले. मला त्याचा राग आला होता, पण आता वाटते की तो फसवत नव्हता. त्याला एकच काम येत होते आणि ते त्याने सगळीकडे केले.

दिवाळीनंतर शेजारच्या काकूंनी ज्यांना बोलावून आणले, ते गवंडी मामा साठी उलटलेले, वाईजवळच्याच एका गावचे. आल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलेच नाही. सरळ बाहेर गेले, घराला एक वळसा घातला आणि अंगणात उभे राहून मला विचारले, "वहिनी, ही फरशी कधी केली?" अंगणात २०१५ साली आम्ही चिखल नको म्हणून शहाबादी फरशी बसवून घेतली होती, आणि ती बसवताना खाली भर टाकल्याने जमीन जोत्याच्या वर जवळजवळ चार बोटे चढली होती. वरच्या पन्हळीचे पाणी त्या फरशीवर पडून भिंतीवर उडत होते आणि राहिलेले भिंतीच्या पायाशी मुरत होते. जुन्या घरांच्या भिंतीत ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी विटांतून वातीतल्या तेलासारखे वर चढते, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी सुकत राहिले तरच ते आटोक्यात राहते. आमच्या भिंतीला बाहेरून फरशीने पाणी पाजले आणि आतून पुट्टी व इमल्शनने तोंड बंद केले. मामांच्या शब्दांत सांगायचे तर, "भिंत आजारी न्हाई, हिला कोंडलीय."

म्हणून त्यांनी पहिले आठ दिवस भिंतीला हात न लावता भिंतीलगतची दीड फूट रुंद फरशी उखडायला लावली, तिथे जोत्याच्या खाली जाईल इतका चर खणून त्यात खडी भरली आणि पन्हळीला नळी जोडून पाणी परसाकडे काढले. हे काम त्यांचे नव्हते, त्याचे पैसेही त्यांनी वेगळे मागितले नाहीत. फक्त ते होईपर्यंत गिलाव्याला सुरुवात करणार नाही, असे स्वच्छ सांगितले. भिंती बघायला आलेला गडी आधी घराबाहेर जातो की नाही, हीच खरी परीक्षा आहे असे मी आता सगळ्यांना सांगते.

आता भिंतींकडे. मामांनी हातोडीच्या दांड्याने एकेक वीत अंतरावर ठोकत सबंध सोपा तपासला. जिथे गिलावा विटेला धरून होता तिथे आवाज भरीव येई, आणि जिथे सुटला होता तिथे रिकाम्या डब्यासारखा. सुटलेल्या भागांभोवती मुलाने खडूने रेघा ओढल्या आणि संध्याकाळी ती भिंत नकाशासारखी दिसू लागली. सगळा गिलावा पाडून टाकावा असे मला वाटत होते, पण त्यांनी ऐकले नाही. भरीव आवाजाचा जवळपास निम्मा गिलावा जुनाच ठेवला, आणि पोकळ भाग छन्नीने तिरक्या कडा ठेवत काढला. पाडताना भिंतीवरचे थर उलगडले: सर्वांत वर पांढरी पुट्टी, तिच्याखाली चार फुटांपर्यंत चॉकलेटी ऑइल पेंट, त्याखाली पिस्ता रंगाचे डिस्टेंपर, आणि तळाशी निळीची झाक असलेली सफेदी, जी बहुधा मूळचीच असावी. सासूबाईंनी तो निळसर तुकडा हातात घेतला आणि त्यांच्या लग्नातली भिंत अशीच होती म्हणाल्या.

ऑइल पेंटचा तो पट्टा खरवडताना मी एका बाबतीत अडून बसले. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये किती शिसे असेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नये, पाणी मारून ओलसरच खरवडावे आणि निघालेला कचरा गोणीत बांधावा, असा माझा आग्रह होता. मामांनी हे ऐकले, पण तोंडाला मास्क लावायला बापलेक दोघेही शेवटपर्यंत नाखूश राहिले. चुना विझवतानाही हेच. डोळ्यांचे चष्मे मी विकत आणून हातात दिले तेव्हा मुलाने घातले. मामांनी ते कपाळावर चढवून ठेवले. कळीचा चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि तीस-चाळीस वर्षे काही झाले नाही हे त्यावरचे उत्तर होत नाही. ही माझी पहिली तक्रार.

चुना विझवण्याचा दिवस मात्र बघण्यासारखा होता. परसात दोनशे लिटरचे लोखंडी पिंप अर्धे पाण्याने भरून त्यात कळीचे पांढरे खडे थोडे थोडे सोडले. क्षणभर काहीच झाले नाही, मग खड्यांना भेगा गेल्या, पाणी खदखदू लागले आणि पिंपाच्या पत्र्याला हात लावता येईना. थंड झाल्यावर ते मिश्रण चाळून, वर पाणी राहील असे झाकून ठेवले. मामांच्या मते महिनाभर तरी ते मुरले पाहिजे. आमच्याकडे चर आणि पन्हळीचे काम चालू असेपर्यंत आणि पाडापाडी होईपर्यंत ते तीन आठवडे मुरले, आणि लोण्यासारखे झाले. विझलेला हा चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा चुनखडीकडे वळतो, आणि हे काम इतके सावकाश चालते की त्याला घाई केलेली चालतच नाही.

विटा उघड्या पडल्या तेव्हा खालच्या तीन फुटांत पांढऱ्या कापसासारखा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला खार, फुटलेला दिसला. मी पाण्याची बादली घेऊन धुवायला निघाले, तर मामांनी हात धरला. पाण्याने धुतला तर तो खार विरघळून पुन्हा विटेत जातो, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत भरून, घराबाहेर टाकायचा. असे त्यांनी दहा-बारा दिवसांत तीनदा केले. नंतर एक भाग चुना, दोन भाग चाळलेली वाळू आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, असा माल कालवून, हिरडा आणि गूळ भिजवलेले पाणी त्यात घालून, पहिला थर दिला. पूर्वी हा माल बैलाच्या घाण्यात मळत. आमच्याकडे पावड्याने दोन माणसांनी तासभर खाली-वर केला. अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी चढवायचा नाही, खोल खड्डा असेल तर विटेचे तुकडे मालात बसवून तो आधी भरायचा, आणि पुढच्या थरासाठी पृष्ठभाग खिळ्याने ओरखडून ठेवायचा, हे त्यांचे नियम त्यांनी एका जागेचा अपवाद वगळता पाळले. त्या अपवादाबद्दल पुढे सांगते.

मला सर्वांत जवळून बघायला मिळाले ते गवंड्याच्या रंध्याचे काम. ओला गिलावा सुकू लागला की केसाएवढ्या बारीक चिरा पडतात, आणि सिमेंटच्या कामात त्या दिसल्या की आपण घाबरतो. इथे मामा त्यांचीच वाट बघत होते. दर अर्ध्या तासाने ते अंगठा दाबून बघत, ठसा उमटेनासा झाला की लाकडी रंधा गोल फिरवत भिंत दाबून घेत, आणि चिरा मिटत. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, पुन्हा दाबल्या, तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मधल्या काळात खिडक्यांना ओले गोणपाट बांधून ठेवले होते, कारण डिसेंबरची कोरडी हवा गिलाव्याला आतून पक्का होण्याआधीच बाहेरून सुकवून टाकते. वर नीरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा, दोन-तीन मिलिमीटरचा थर आला, आणि थापीने घासत घासत त्याला अंड्याच्या कवचासारखी मंद चकाकी आली.

तड्यांच्या बाबतीत त्यांनी जे केले ते मी इतर कुठेच पाहिलेले नाही. देवघराच्या दारावरून तिरका गेलेला एक तडा होता. तो भरण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहून ठेवायला त्यांनी मला सांगितले, आणि पाच आठवड्यांत तडा रेघेच्या पुढे सरकला नाही तेव्हाच तो उलट्या व्हीसारखा, म्हणजे आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, कोरून माल ठासला. लाकडी खांब आणि भिंत जिथे मिळतात, तिथली फट मात्र मुद्दाम मोकळी ठेवली, तिला पातेल्याच्या काठासारखी स्वच्छ खाच करून दिली. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिथे काहीही भरले तरी ते वर्षात निघणारच. आधीच्या ठेकेदाराने नेमकी तीच फट पुट्टीने भरून वर रंग फिरवला होता. कोनाड्यांच्या कमानी त्यांच्या मुलाने पत्र्याचा साचा कापून केल्या, आणि त्यांच्या कडा इतक्या सुरेख उतरल्या आहेत की समई ठेवताना हात आपोआप सावकाश जातो.

आता पुट्टीची बाजू, कारण तिच्यावर अन्याय होऊ नये. आमचे स्वयंपाकघर १९९८ मध्ये मागे वाढवलेले आहे, आरसीसीचे, सिमेंटच्या गिलाव्याचे. २०२१ मध्ये तिथेही तीच व्हाइट सिमेंटची पुट्टी लावली होती आणि ती आजही जशीच्या तशी आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हातांत मिळून साधारण दीड मिलिमीटर जाडीसाठी असते. भिंत आधी ओली करून घ्यावी, माल एका वेळी दोन-तीन तासांत संपेल इतकाच कालवावा, एका हातावर दुसरा हात सुकल्याशिवाय देऊ नये, एवढे पाळले तर ओल न येणाऱ्या सिमेंटच्या भिंतीवर तिला तोड नाही. सोप्यात मात्र आठ-आठ मिलिमीटरचे खड्डे तिनेच भरले होते. जिप्समचा किंवा पीओपीचा सल्लाही आम्हाला एकाने दिला होता. जिप्सम पाण्यात थोडेफार विरघळते, त्यामुळे ओल असलेल्या भिंतीवर ते लावण्याचा विचारही करू नये.

राहिल्या तक्रारी. मामांनी पंचवीस दिवस सांगितले होते, लागले एक्केचाळीस, तेही चर आणि पन्हळीचे दिवस सोडून. लेखी अंदाजपत्रक नव्हते, सगळा हिशेब वहीच्या मागच्या पानावर. ११० रुपये चौरस फुटाने ६४० चौरस फुटांचे ७०,४०० रुपये झाले, म्हणजे पुट्टी-रंगाच्या पाचपट दर. सोप्याच्या फरशीवर चुन्याचे जे पांढरे डाग पडले, ते आधी प्लास्टिक अंथरले असते तर टळले असते. दाराच्या मागे एक तीन फुटांचा भाग मकरसंक्रांतीला गावी जायच्या घाईत एकाच जाड थरात केला, आणि मार्चमध्ये त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या. फोन केल्यावर ते एप्रिलमध्ये येऊन तो भाग काढून विनामोबदला पुन्हा करून गेले, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवे.

आणि भिंत सपाट झाली का? नाही. ओळंब्यात आहे, पण संध्याकाळचे ऊन खिडकीतून आडवे आले किंवा बॅटरी भिंतीला लावून धरली की जुन्या आणि नव्या गिलाव्याच्या सांध्यावर हलकी लाट दिसते. ज्यांना काचेसारखी भिंत हवी आहे, त्यांनी हे काम करून घेऊ नये, नंतर त्रास होईल. वर आम्ही इमल्शन लावलेले नाही. चुन्याच्या पातळ सफेदीचे चार हात दिले, त्यात थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती. ओली असताना सफेदी पारदर्शक दिसते आणि सुकता सुकता उजळते. पहिले वर्षभर पाठ टेकली की कपड्याला पांढरे लागत असे, आता फारसे लागत नाही. खालच्या तीन फुटांत मामांनी गिलावा मुद्दाम हलका ठेवला आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी तेवढाच खरवडून नवा करावा लागेल असे आधीच सांगून ठेवले आहे. खार त्याच थरात येऊन बसतो आणि वरची भिंत वाचते.

२०२३ आणि २०२४ असे दोन पावसाळे गेले. सोपा, देवघर आणि जिन्याजवळची खोली या तिन्ही ठिकाणी पोपडा एकही नाही, फुगवटा नाही, आणि आषाढात घरात शिरताच जो कोंदट वास यायचा तो गेला. खालच्या पट्ट्यात दोन ठिकाणी खाराची बारीक पांढरी कड दिसते, ती मी झाडून काढते. खिळा ठोकायचा झाला तर मात्र जपावे लागते, चुन्यात तो लगेच हलतो. कॅलेंडर आम्ही खांबाच्या खुंटीला अडकवले आहे. मी या कामाला पाचांपैकी चार देते, आणि कापलेला एक गुण निम्मा दिवसांसाठी, निम्मा त्या कपाळावरच्या चष्म्यासाठी.

माजघर अजून राहिले आहे, तिथे २०२१ ची पुट्टी अर्धी लोंबते आहे. ते या दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. मामांनी चुना गेल्या महिन्यातच विझवून पिंपात झाकून ठेवला, आणि त्यावर चार बोटे पाणी कायम राहील एवढे बघायला शेजारच्या काकूंना सांगून आम्ही पुण्याला आलो आहोत.